कुंडीतल्या मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) तपासणारा संच

डिचोलीतल्या बागसाहित्याच्या दुकानातून घेतलेला हा रंगद्रवाचा संच जांभ्या मातीत मिरची-वांगी लावणाऱ्यांना मी मनापासून सुचवेन. मुसळधार पावसात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वाहून जात असल्याने आपली माती मुळातच आम्लधर्मी असते. माझ्या मिरचीची जुनी पाने, शिरा तेवढ्या हिरव्या राहून, पिवळी पडत होती आणि शेणखत वाढवूनही फरक पडत नव्हता. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात कालवलेली माती निवळल्यावर त्यात थेंब टाकताच पाणी पिवळसर नारिंगी झाले, म्हणजे सामू साधारण 5, आम्लधर्मीच. डोलोमाइट (कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेली, आम्लता कमी करणारी खडकाची भुकटी) घातल्यानंतर आलेली पाने हिरवीगार राहिली. दोन काट्यांचे स्वस्त मीटर कोरड्या मातीत भलतेच आकडे दाखवते, ते घेऊ नये. रंगतक्ता मात्र दिवसाच्या उजेडातच पाहावा.