उर्दू शाळा की मराठी शाळा?

दाभोळ खाडीकाठच्या एका भाभींना प्रश्न पडलाय: मुलीला जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत घालू की मराठी? खर्चात फरक नाही; दोन्हीकडे शिक्षण मोफत, पुस्तकं बालभारतीची. भाषेचं गणित मात्र अवघड. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, असं घटनेचा अनुच्छेद ३५०क (१९५६) सांगतो. पण कोकणी मुसलमानांच्या कित्येक घरांत बोलतात कोकणीच, उर्दू नव्हे! म्हणजे मातृभाषेच्या नावाने पोरीला परकी लिपी. २०२० च्या कायद्याने उर्दू शाळेतही मराठी सक्तीची आहे, पण एक विषय म्हणून. घरात उर्दू वाचन-लेखन मुरलेलं असेल तर उर्दू शाळा. पुढे तलाठी, पोलीस भरतीचा विचार असेल तर मराठी. उर्दूसाठी संध्याकाळचा मकतब (मुसलमान मुलांचा धार्मिक शिक्षणाचा वर्ग) आहेच.