पिक्टोरिकोची पारदर्शक फिल्म: सायनोटाइपच्या निगेटिव्हसाठी कितपत उपयोगी?

सायनोटाइप म्हणजे निळ्या रंगात छायाचित्र छापण्याची पद्धत. तिची रसायने प्रकाशाला इतका मंद प्रतिसाद देतात की एन्लार्जरच्या (निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या) उजेडात त्यांच्यावर काही उमटत नाही. निगेटिव्ह कागदाला भिडवून अतिनील प्रकाशातच छापावी लागते आणि त्यामुळे जेवढा प्रिंट हवा तेवढीच मोठी निगेटिव्ह लागते. ती इंकजेट प्रिंटरवर तयार करण्यासाठी गेले वर्षभर मी पिक्टोरिकोची ‘अल्ट्रा प्रीमियम ओएचपी’ (ओएचपी म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर) फिल्म वापरत आहे.

त्याआधी स्टेशनरीच्या दुकानातली साधी ओएचपी शीट वापरून पाहिली होती. तिच्यावर शाई थेंबाथेंबांनी साचत असे आणि प्रिंटमधल्या आभाळावर पुरळ उठल्यासारखे ठिपके येत. पिक्टोरिकोवरचा सिरॅमिक लेप भरपूर शाई शोषून घेतो, त्यामुळे गडद भागांतही शाई एकसारखी बसते. लेपाची बाजू ओळखायची असेल तर कोपऱ्याला ओलसर बोट लावावे; चिकटते ती बाजू छापायची. हीच बाजू पुढे कागदाला भिडते, म्हणून चित्र आधी आडवे उलटवून घ्यावे. (माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये दुकानाची पाटी उलटी उमटली होती.)

मात्र फिल्म चांगली म्हणून प्रिंट आपोआप चांगला येत नाही. डोळ्यांना काळीभोर दिसणारी शाई अतिनील किरणही तितकेच अडवते असे नसते. माझ्या प्रिंटरवर निव्वळ काळ्या शाईपेक्षा हिरवट मिश्रणाने कागदाचा पांढरा भाग अधिक स्वच्छ राहिला. म्हणून कोऱ्या फिल्मच्या तुकड्याखाली कागद ठेवून, निळा रंग ज्यापुढे आणखी गडद होत नाही तो किमान वेळ आधी ठरवावा, मग त्याच वेळेत फिकटापासून गडदापर्यंत 21 पायऱ्यांची पट्टी छापावी आणि तिच्यावरून कर्व्ह (छटा प्रिंटमध्ये नीट उतराव्यात म्हणून चित्रात आधीच करायची दुरुस्ती) बांधावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण शाई किंवा कागद बदलला की ते पुन्हा करावेच लागते. उन्हाचा जोर रोज बदलत असल्याने मी आता अतिनील ट्यूबच वापरतो.

पुण्याच्या पावसाळ्यात शाई वाळल्यासारखी वाटली तरी ओल धरून असते. हेअर ड्रायरने नीट न सुकवता निगेटिव्ह कागदावर दाबली तर ती चिकटण्याची भीती असते.

साध्या शीटच्या तुलनेत ही फिल्म बरीच महाग पडते, म्हणून चाचणीच्या पट्ट्या मी उरलेल्या कडांवरच छापतो. केवळ पाने-फुले ठेवून निळे ठसे काढायचे असतील तर तिची गरज नाही. छायाचित्रातल्या मधल्या छटा हव्या असतील तर मात्र मी पुन्हा हीच घेईन.