सेटुक्सिमॅब की बेव्हॅसिझुमॅब?
खारघरला काकांच्या केमोच्या वेळी वेटिंगमध्ये सगळ्यांचा हाच प्रश्न, आतड्याच्या कॅन्सरवरच्या या दोनपैकी कुठलं इंजेक्शन भारी? अहो, आधी केआरएएसचा, म्हणजे गाठीतल्या त्या जीनच्या तपासणीचा, रिपोर्ट बघा. सेटुक्सिमॅब आतड्याच्या कॅन्सर पेशीवरचं ईजीएफआर प्रोटीन अडवतं, म्हणजे वाढीचा सिग्नल बाहेरच बंद, पण आतलं केआरएएस प्रोटीन बिघडून कायम चालूच असेल, आणि साधारण ४० टक्के पेशंटमध्ये असतं, तर वरून अडवून काय उपयोग, पेशी वाढतच राहणार. बेव्हॅसिझुमॅब व्हीईजीएफ, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रोटीन, पकडतं, गाठीला नवीन रक्तवाहिन्या फुटत नाहीत, त्यामुळे केआरएएस कसंही असलं तरी देता येतं. पण बीपी वाढू शकतं, जखम भरायला वेळ लागतो, ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. सेटुक्सिमॅबने काकांच्या तोंडावर पुरळ आलं, तसं बऱ्याच जणांना येतं, घाबरून बंद नका करू. गाठ आतड्याच्या डाव्या बाजूची आणि रिपोर्ट क्लीन, म्हणजे केआरएएस न बिघडलेलं, असेल तर मी आधी सेटुक्सिमॅबबद्दलच विचारेन.