वरून तांबडी, आतून पांढरी

खोकं मी नीट बनवलं होतं, हे आधी सांगून टाकतो, कारण घरात अजूनही सगळे खोक्यालाच नावं ठेवतात.

गाडीसाठी सबवूफरचं, म्हणजे खोल घुमणारा आवाज देणाऱ्या मोठ्या स्पीकरचं, तयार खोकं मिळतं, पण वरच्या कार्पेटखाली पुष्कळदा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली कच्ची फळी असते. फसायला नको म्हणूनच मी ते घरी करायला घेतलं. (हसा.) वखारीतून 18 मिलिमीटरचा एमडीएफ (बारीक लाकडी तंतू दाबून केलेली घट्ट फळी) तिथेच कापून आणला. बाहेरून 18 बाय 14 बाय 12 इंच. फळ्यांची जाडी वजा केली की आत साधारण सव्वा घनफूट जागा उरते, बारा इंची स्पीकरच्या बंद खोक्याला सहसा तेवढी पुरते. एमडीएफच्या कडेत नुसता स्क्रू पिळला तर फळी फाटते, म्हणून प्रत्येक स्क्रूआधी बारीक ड्रिल मारलं. सांध्यांना फेविकॉल, आतून सिलिकॉन, आणि त्याचा व्हिनेगरसारखा वास जाईपर्यंत दोन दिवस गच्चीवर मुक्काम. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गच्चीत एकीकडे आईचे पापड, दुसरीकडे माझं खोकं. आईने एकदाच विचारलं, "कोंबड्या पाळतोयस का?"

राहिले स्पीकर, अँप्लिफायर आणि वायरचं किट. महाराणी रोडला दोन-चार दुकानं फिरलो आणि शेवटी आतल्या एका गल्लीत शिरलो. भाच्याशी मराठीत बोलत होतो, ते ऐकून गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "या दादा, आपलीच माणसं दिसता!" साठीचे असतील. आजोबा देवासचे, मूळ साताऱ्याकडचे वगैरे झालं. चहा आला. इंदुरात दिवसभर हिंदीत घासाघीस केल्यावर कोणी "बसा, पंखा लावतो" म्हटलं की माणूस सैलावतो. मी तर विरघळलोच. दहा मिनिटांत त्यांना काका म्हणू लागलो.

काकांनी स्पीकर 5,500, अँप्लिफायर 6,800 आणि वायरचं किट 1,800 लावलं. एकूण 14,100. बिलाचं विचारलं तर हात जोडून म्हणाले, "आपल्या माणसाला जीएसटीचा भुर्दंड कशाला? काही झालं तर मी आहे ना इथे." चिठ्ठीवर नुसते आकडे लिहून दिले. वर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं, ते मी घरी आल्यावर पाहिलं.

अँप्लिफायरवर मोठ्या अक्षरात 1800 वॅट छापलेलं होतं. त्याच्या मागे 25 अँपिअरचा एकच फ्यूज. खरं तर तिथेच गणित करायला हवं होतं, शाळेतलंच आहे: इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14 व्होल्ट, गुणिले 25, म्हणजे 350 वॅट. एवढीच वीज तो सतत आत घेऊ शकतो. साध्या अँप्लिफायरमध्ये त्यातली निम्म्याच्या आसपास उष्णतेत जाते. उरले पावणेदोनशे-दोनशे. बाकीचे सोळाशे वॅट छापखान्यातून आले. डब्यावरचा मोठा आकडा वाचू नका, 'आरएमएस' असं लिहिलेला, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा आकडा शोधा, आणि तोही फ्यूजशी ताडून पाहा.

तिसऱ्या आठवड्यात राजवाड्याकडून घरी येताना गाडीत जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. बॉनेट उघडलं. बॅटरीजवळचा फ्यूज होल्डर एका बाजूने मऊ होऊन वाकला होता, फ्यूज मात्र शाबूत. हे मला काही केल्या पटेना. फ्यूज उडत नाही आणि प्लॅस्टिक वितळतं, असं कसं?

आमच्या कोपऱ्यावरच्या गाडीच्या इलेक्ट्रिशियनने काही न बोलता खिशातून ब्लेड काढलं. वायर सोलली. तारा तांबड्याच होत्या, चकचकीत. त्यातली एक त्याने बोटावर धरून ब्लेडने खरवडली. दोन फटक्यांत तांबडा रंग गेला आणि खाली पांढरी चकाकी दिसली. "भिया, ये तो एल्युमिनियम है. ऊपर तांबे का पानी चढ़ा है." मग तीच तार लायटरवर धरली. ती लाल होईतो टिकली नाही, वाकून तुटूनच पडली. शेजारी त्याच्याकडची तांब्याची तार धरली, ती नुसती काळवंडली.

ॲल्युमिनियम मऊ असतं. स्क्रूखाली दाबलं की हळूहळू पसरतं, पकड सैल होते, वर ऑक्साइड चढतं आणि जोड तापू लागतो. प्रवाह वाढलेला नसतो, म्हणून फ्यूजला काही कळतच नाही. शिवाय वेष्टनावर '4 गेज' छापलेलं (गेज म्हणजे वायरीच्या जाडीचा आकडा). तांब्याच्या 4 गेज वायरीत सुमारे 21 चौरस मिलिमीटर धातू असतो. आमच्या वायरीत रबरच जास्त, आत धातूची दोरी करंगळीच्या निम्मीही नव्हती. एक मात्र लक्षात ठेवा, कथलाचा मुलामा दिलेली चांगली वायरही वरून पांढरीच दिसते. ती खरवडली की आत तांबडी निघते. आमची उलटी. म्हणून रंग बघून ठरवू नका, खरवडूनच बघा. आणि उचलून बघा, ॲल्युमिनियमचं वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी भरतं.

मग स्पीकरवरही संशय आला. मागे मॅग्नेटवर जाड रबरी टोपी होती, तीवर कंपनीचं नाव ठसठशीत. भाच्याने ती नखाने सोलली. आत माझ्या तळहातात मावेल एवढा मॅग्नेट, भोवती सगळी पोकळी. दुकानात मी ती टोपी कौतुकाने थोपटली होती.

सगळा माल घेऊन परत गेलो. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सरळ हिंदीत म्हणाले, "कौन सा माल, भाईसाब? बिल दिखाओ." मी मराठीतच बोलत राहिलो, ते हिंदीतच उत्तर देत राहिले. ओळख तर सोडाच, मी त्या दुकानात कधी आलो होतो हेही त्यांना आठवेना. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर मला ठाऊक होता, पण दाखवायला माझ्याकडे होती ती बिननावाची चिठ्ठी.

गिऱ्हाईकं जमू लागली तसे ते जरा नरमले. "चलो, वायर बदल देता हूँ," म्हणत आतून दुसरा रोल आणला आणि काउंटरवर ठेवला. मी खिशातून ब्लेड काढलं. त्यांनी रोल उचलला आणि परत आत नेऊन ठेवला.