एडमंडची मिठाई: इस्तंबूलच्या हाजी बेकिरकडचा लोकुम

इस्तंबूलला गेलात तर एमिनोन्यूजवळच्या बाहचेकापी भागात 'अली मुहिद्दीन हाजी बेकिर' हे दुकान शोधा आणि तिथे गुलाबाचा लोकुम, म्हणजे इंग्रजीत ज्याला टर्किश डिलाइट म्हणतात ती मिठाई, घ्या. तयार बांधलेला खोका घेऊ नका. काउंटरसमोर उभं राहून, स्वतः निवडून, वजनावर भरून घ्या. माझ्या मते त्या शहरातली ही सगळ्यात चांगली गोड खरेदी आहे. ज्यांनी 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' वाचलं आहे, त्यांनी तर ती मुळीच चुकवू नये.

मी डोंबिवलीतल्या एका वाचनालयाचा बालविभाग सांभाळते. रविवारी सकाळी मुलांना गोष्ट मोठ्याने वाचून दाखवते. पुस्तक इंग्रजी असेल तर वाचता वाचता मराठीत सांगत जाते. सी. एस. लुईसचं १९५० सालचं हे पुस्तक दर एक-दोन वर्षांनी नव्या मुलांसाठी पुन्हा कपाटातून निघतं आणि चौथ्या प्रकरणाशी दरवेळी अडतं. त्या प्रकरणाचं नावच 'टर्किश डिलाइट' आहे. एडमंड बर्फात एकटाच भटकत असतो. घसरगाडीतून पांढरी चेटकीण येते, त्याला जवळ बसवते, तांब्याच्या छोट्या बाटलीतला एक थेंब बर्फावर टाकते आणि रत्नजडित पेल्यात वाफाळतं, फेसाळ पेय उभं राहतं. मग ती त्याला विचारते, तुला सगळ्यात जास्त काय खायला आवडेल? एडमंड लगेच सांगतो, टर्किश डिलाइट. दुसरा थेंब पडतो आणि हिरव्या रेशमी फितीने बांधलेला गोल डबा समोर येतो. डबा रिकामा होईपर्यंत त्याने आपला भाऊ आणि दोन्ही बहिणी, सगळ्यांची माहिती तिला देऊन टाकलेली असते.

इथे मुलं थांबवतात. ताई, असं काय असतं त्यात? पेढ्यासारखं लागतं? जेलीसारखं? सख्ख्या भावंडांना कोणी मिठाईपायी फसवतं का? पुस्तकाच्या आधाराने मी इतकंच सांगू शकायचे की त्याचा प्रत्येक तुकडा आतपर्यंत गोड आणि हलका होता, आणि त्यावर जादू होती: एकदा खाल्लं की खातच राहावंसं वाटायचं. मुलांना जादू पटते, पण जादू घालायला त्या बाईला हीच मिठाई का सापडली, हा त्यांचा प्रश्न तसाच राहतो. तो रास्त आहे.

अर्धं उत्तर रेशनिंगमध्ये आहे. ब्रिटनमध्ये साखर जानेवारी १९४० मध्ये रेशनवर गेली आणि गोळ्या-चॉकलेटं जुलै १९४२ मध्ये. युद्ध संपलं तरी रेशन संपलं नाही. एप्रिल १९४९ मध्ये मिठाई मोकळी केली, तर लोकांनी अशी झुंबड उडवली की दुकानं रिकामी पडली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा कुपनं आली. ती कायमची गेली फेब्रुवारी १९५३ मध्ये. म्हणजे हे पुस्तक ज्या मुलांच्या हातात सगळ्यात आधी पडलं, त्यांची मिठाई तेव्हाही मोजून मिळत होती. साधारण हिशेब चार आठवड्यांना बारा औंस, म्हणजे ३४० ग्रॅमच्या आसपास. चेटकिणीच्या डब्यात कित्येक पौंड मिठाई होती असं लुईस लिहितो. तीन-चार पौंड धरले तरी चार-पाच महिन्यांचं कुपन एका बैठकीत! लुईसला अशी मुलं जवळून माहीत होती. लंडनवर बॉम्ब पडतील म्हणून बाहेर पाठवलेल्या मुली १९३९ पासून त्याच्या ऑक्सफर्डच्या घरी राहायला येत होत्या.

मला यात डब्याच्या वजनाइतकाच तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तुला काय आवडेल? त्याच पुस्तकात खाण्याची आणखी सुंदर वर्णनं आहेत. अर्धा माणूस, अर्धा बोकड असलेला मिस्टर टम्नस एडमंडच्या धाकट्या बहिणीला, लूसीला, चहाला बोलावतो तेव्हा हलकं उकडलेलं अंडं, टोस्टवर सार्डिन मासे, लोण्याचा टोस्ट, मधाचा टोस्ट आणि वर साखर लावलेला केक असतो. बीव्हर नवराबायको ताजे मासे तळून घालतात, बटाट्यांबरोबर हवं तितकं लोणी आणि शेवटी मुरंब्याचा चिकट, गरम रोल. (टम्नसचा चहासुद्धा लूसीला चेटकिणीच्या हवाली करण्यासाठीचं आमिषच होतं हे मुलं विसरतात. त्याला मागाहून रडू फुटतं म्हणून आपण त्याला माफ करतो.) पण ही सगळी पानं दुसऱ्याने आपल्या मनाने वाढलेली आहेत. चार भावंडांत तिसरा, शाळेत बिघडलेला, मोठ्या भावाची बोलणी खाणारा एडमंड; त्याला त्याची आवड विचारणारी अख्ख्या पुस्तकात पहिली व्यक्ती निघते ती चेटकीण. हे कळलं की त्याचा राग येत नाही.

आता दुकान. बेकिर एफेंदी कास्तामोनू प्रांतातून इस्तंबूलला आला आणि १७७७ मध्ये त्याने बाहचेकापीत मिठाईचं दुकान थाटलं. आपल्याकडे पुण्यात तेव्हा सवाई माधवराव पाळण्यातून नुकते उतरले होते. हजची यात्रा करून आल्यावर तो हाजी बेकिर झाला. पुढे त्याच्या घराण्याकडे राजवाड्यातल्या मुख्य हलवायाचा मान आला. हामिदिये रस्त्यावरचं हे दुकान लहानसंच आहे. काचेच्या बरण्यांत रंगीबेरंगी आकिदे, म्हणजे त्यांच्या कडक साखरेच्या गोळ्या, बदामाची मऊ मिठाई, हलवा, आणि लोकुमचे ट्रे. मी आणि माझी नणंद सकाळी उघडल्या उघडल्या गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी तोडकं इंग्रजी आणि पुष्कळ हातवारे करून एकच गोष्ट विचारली: कोणता हवा? आणि चिमट्याने एक तुकडा पुढे केला. माझ्या डोळ्यांसमोर तो बर्फ आला, हे मी लपवत नाही.

पहिला गुलाबाचा. फिकट गुलाबी, बोटांच्या पेराएवढा चौकोन, वर पिठीसाखरेचा थर. दाबला तर खोलगट होतो आणि सोडल्यावर हळूच पूर्ववत होतो. दात लावला की आधी प्रतिकार, मग एकदम सुटतो. गुलाबाचा वास तोंडात गेल्यावर येतो, आधी नाही. तो नाकाशी धरल्यावर घमघमत नाही ही खरी खूण. गोड आहे, भरपूर गोड आहे, पण दाताला चिकटत नाही आणि घशात साखर खवखवत नाही. लुईसने लिहिलेलं 'आतपर्यंत हलका' हे शब्द मला तिथे पटले. तुकडा मध्ये कापून पाहा: बाहेरून दिसतो तितकाच आतही स्वच्छ, अर्धपारदर्शक. कोरडी कड नाही, आत रवाळपणा नाही.

दुसरा साकिझचा. हा हिऑस बेटावरच्या झाडांचा राळेसारखा चीक; त्याला देवदारासारखा थंड, किंचित औषधी सुगंध असतो. नणंदेला तो अजिबात रुचला नाही, मला मात्र कडू कॉफीबरोबर यासारखं काही नाही असं वाटलं. तुर्की कॉफीच्या कपाशेजारी पाण्याचा पेला आणि एक लोकुम ठेवायची तिकडे रीतच आहे, आणि ती रीत या मिठाईचं प्रमाण ठरवते. एक किंवा दोन. त्याहून जास्त खायला जादूच लागेल.

तिसरा 'चिफ्ते कावरुलमुश', जास्त आटवलेला, पिस्ते ठासून भरलेला, घट्ट आणि चिवट. आपल्याकडच्या माणसाला हा पहिल्या घासात ओळखीचा वाटेल, कारण मुंबईच्या कराची हलव्याचा हा चुलतभाऊच आहे: तिथेही कॉर्नफ्लॉवर, साखर आणि आंबटाचा अंश. फरक तुपाचा. हलव्यात तूप पडतं आणि तो रबरासारखा ताणतो. लोकुममध्ये स्निग्ध काही नसतं, म्हणून तो जिभेवर थर न ठेवता निघून जातो. फळांचे रंगीत प्रकारही मिळतात. लोकुममध्ये ते मला भावत नाहीत, कारण आंबट चव आली की ती सरळ जेलीच वाटायला लागते.

लोकुम करणं दिसतं तितकं सोपं नाही. साखर, पाणी आणि स्टार्च मंद आचेवर बराच वेळ ढवळत राहायचं. त्यात लिंबाचा किंवा तत्सम आंबटाचा अंश घालतात, कारण आंबटामुळे काही साखरेचं विघटन होतं आणि ती पुन्हा रवाळ होत नाही. मिश्रण स्टार्च पसरलेल्या ट्रेमध्ये ओतून निवू द्यायचं, मग कापून पिठीसाखर आणि स्टार्चमध्ये घोळवायचं. पारंपरिक लोकुममध्ये जिलेटिन नसतं, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी तो निर्धास्त खावा. बाहेरच्या देशांत टर्किश डिलाइट म्हणून जे खपतं त्यात मात्र जिलेटिन असू शकतं. वेष्टन वाचून घ्या.

पुस्तक वाचून मोठ्या उत्साहाने ही मिठाई खाल्ली आणि साबण खाल्ल्यासारखं वाटलं, असं सांगणारे वाचक मला पुष्कळ भेटले आहेत. त्यांचं ऐकून मला वाईट वाटतं, कारण त्यांच्या तोंडी बहुधा अत्तरासारखं स्वस्त गुलाबद्रव्य घातलेला, महिनोन् महिने खोक्यात पडलेला माल आलेला असतो. पर्यटकांच्या बाजारातल्या एका दुकानातून, नाव घेत नाही, मीही एक सुंदर वेष्टनातला खोका घेतला होता. तुकड्यांना वरून कातडीसारखी साय धरलेली आणि सगळ्या रंगांना एकच चव. इंग्लंडमध्ये तर कित्येकांची ओळख होते ती फ्रायच्या चॉकलेट-बारशी, जो १९१४ पासून विकला जातो: आत गुलाबी जेली, बाहेर दुधाचं चॉकलेट. त्याची आवड असणाऱ्यांशी मी भांडणार नाही, पण एडमंडने मागितलं ते हे नव्हे.

कथेत लोकुम खाणारा एडमंड काही पहिला नाही. डिकन्सच्या 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' या १८७० च्या अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीत रोझा आपल्या वाग्दत्त वराला घेऊन ही मिठाई विकणाऱ्या दुकानात जाते. त्याला देऊ करते, तो नको म्हणतो. मग ती हातमोजे काढून एकटीच आनंदाने खाते आणि बोटांना लागलेली पिठीसाखर चाटते. लग्न ठरलेल्या त्या दोघांत काहीच जुळत नाही, हे डिकन्सने त्या खोक्यावरून दाखवलं. लोकुम नीट खायचा तर बोटं पांढरी होणारच. काट्याने खाऊ नका.

आणि ते चेटकिणीचं पेय? लुईस त्याला नाव देत नाही. गोड, फेसाळ, दाट आणि पायाच्या बोटांपर्यंत ऊब पोचवणारं, एवढंच सांगतो. माझ्या मनात त्या जागी आता साहलेप बसला आहे. हिवाळ्यात इस्तंबूलच्या रस्त्यांवर मिळणारं हे गरम, दाटसर दूध, वर दालचिनीची पूड. खरा साहलेप रानटी ऑर्किडच्या कंदांच्या पिठाचा असतो. ते कंद इतके दुर्मिळ झाले आहेत की त्या पिठाच्या निर्यातीला तुर्कस्तानात बंदी आहे, आणि गाडीवर मिळतो तो बहुतेकदा दुसऱ्या कशाने तरी दाट केलेला असतो. तरीही थंडीत तो पेला हातात धरावा असा आहे.

वाचनालयात खोका उघडला तेव्हा मी मुद्दाम आधी प्रकरण वाचलं. मग प्रत्येकाला ट्रेसमोर उभं करून विचारलं, कोणता हवा? वाटून दिला नाही. पिस्त्याचा सगळ्यात आधी संपला. साकिझचा तुकडा एका मुलीने तोंडातून काढून हातात धरला आणि थोड्या वेळाने परत खाल्ला. सहावीतला एक मुलगा गुलाबाचा खाऊन बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, भावाला नाही विकणार, पण त्याचं नाव सांगून टाकेन. एडमंडने सुरुवातीला एवढंच तर केलं होतं.

घरी आणल्यावर लोकुम फ्रिजमध्ये ठेवू नका. ओल धरून पिठीसाखर विरघळते आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, बाहेरच, आणि आपल्या पावसाळ्यात तर लवकर संपवा. चिकटलेच तर कॉर्नफ्लॉवर आणि पिठीसाखर समप्रमाणात घेऊन पुन्हा घोळवा. साय भरलेला, कायमाकचा लोकुम दिसला तर तिथेच खा, तो प्रवासात टिकत नाही. भाव इथे लिहीत नाही, लिराचे आकडे फार झपाट्याने बदलतात. खरेदी परतीच्या आदल्या दिवशी करा म्हणजे ताजा माल घरी पोचेल. एमिनोन्यू आणि सिरकेजी या दोन्ही ट्राम थांब्यांवरून दुकान चालत गाठता येतं. तिकडे जाणं जमलं नाही तर इस्तिकलाल रस्त्यावर त्यांचीच शाखा आहे.