‘डीएनएस सर्व्हर दुरुस्ती’चे १८ हजार

माझ्या वहिनी ठाण्यातल्या नौपाड्यात घरून फराळाचा व्यवसाय करतात. दसरा झाला की ऑर्डरी सुरू होतात, त्यातल्या बऱ्याचशा वेबसाइटवरून. यंदा ऐन त्याच दिवसांत साइट उघडेना. क्रोमवर ‘डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन’ एवढंच येत होतं. ओळखीतून एक कॉम्प्युटरवाला आला. कोडवर बोट ठेवून म्हणाला, सर्व्हर हॅक झालाय, आज व्हायरस काढला नाही तर सगळा डेटा जाईल. तासाभरात साइट सुरू झाली आणि त्याने १८ हजार रुपये घेतले. बिलावर लिहिलं होतं, ‘डीएनएस सर्व्हर दुरुस्ती’.

“भाऊजी, वेळेवर आला हो तो,” असं वहिनी म्हणाल्या. बिल वाचून मला मात्र संताप आला.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारी इंटरनेटची नोंदवही. एनएक्सडोमेन म्हणजे विचारलेलं नाव त्या नोंदवहीत नाही, बस. ब्राउझर साइटच्या सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नसतो, मग तिथला व्हायरस त्याला दिसणार कुठून? आधी पत्ता नीट टाइप केलाय का ते बघायचं, मग ‘हूइज’ या नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत. मी पाहिलं, तर डोमेनची मुदत वर्षभराने वाढलेली आणि नोंद बदलल्याची तारीख तो आला त्याच दिवसाची. त्याने फक्त डोमेन रिन्यू केलं होतं. मुदत संपली की रजिस्ट्रार (डोमेनची नोंदणी करणारी कंपनी) त्यावर ‘क्लायंट होल्ड’ ही स्थगिती लावू शकतो. मग ते नाव डॉट कॉमच्या नोंदीतून उतरतं आणि सगळीकडे एनएक्सडोमेन येतं. होस्टिंगवरचे, म्हणजे साइट ठेवलेल्या सर्व्हरवरचे, फोटो, भाव, जुन्या ऑर्डरी जागच्या जागी असतात. तो डेटा जाईल अशी भीती घालून पैसे उकळणं ही सरळ लूट आहे.

पण खरा घाव पुढेच होता. काम करताना त्याने वहिनींकडून ओटीपी घेतला होता. त्यावर रजिस्ट्रारच्या खात्यातला ईमेल बदलून स्वतःचा टाकला. म्हणजे पुढच्या वर्षी डोमेनची किल्ली त्याच्याकडे! जुनी बिलं आणि ओळखपत्र दाखवल्यावर रजिस्ट्रारने खातं परत दिलं. पैसे अजून मिळालेले नाहीत.

दुसरे कोडही असेच घाबरवायला वापरता येतात. ‘सर्व्हफेल’ आला तर नाव नाहीसं झालेलं नसतं, उत्तर मिळवताना गडबड झालेली असते. डोमेनच्या नोंदी सांगणारा नेमसर्व्हर बंद असतो किंवा डीएनएसएसईसीची, म्हणजे उत्तर खरं असल्याची खूण असलेली डिजिटल सही जुळत नाही. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे सर्व्हरने उत्तर द्यायला नकार दिला. हे कोड १९८७च्या आरएफसी १०३५ या डीएनएसच्या जाहीर नियमपत्रात आहेत, त्यात गुपित काही नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘एनएसलुकअप’ (nslookup), पुढे साइटचं नाव आणि ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस सर्व्हर) टाका. मग ८.८.८.८ऐवजी १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा) टाकून बघा. दोन्हीकडून उत्तर आलं आणि घरच्या वायफायवर मात्र येत नसेल, तर साइटला बहुधा काही झालेलं नाही, इंटरनेटवाल्याला फोन करा.

डोमेनचं खातं स्वतःच्या ईमेलवर आणि मोबाइलवर ठेवा, तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन थांबलं की तोही थांबतो आणि रिन्यूअलची सूचना पोचतच नाही.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. नौपाडा, पाचपाखाडी भागात कुणाला असं ‘डीएनएस दुरुस्ती’चं बिल मिळालं असेल, तर बिल, यूपीआयची पावती आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जपून ठेवा आणि तुम्हीही तक्रार करा.