शेव्हर्ले सी-१०चा डॅश न कापता बसणारा स्टिरिओ

१९६७ ते १९७२ च्या शेव्हर्ले सी-१० पिकअपमध्ये मूळ रेडिओ दोन शाफ्टवर, म्हणजे नॉबच्या दांड्यांवर, बसायचा. दोन बाजूंना नॉब, मध्ये छोटी खिडकी. आजचा सिंगल-डिन (गाडीच्या स्टिरिओचं प्रमाणित माप) स्टिरिओ सुमारे १८० बाय ५० मिलिमीटरचा, म्हणजे तो बसवायला डॅशबोर्डचा पत्रा कापणं आलं. कापलेला डॅश वेल्डिंग-पुट्टीने भरता येतो, पण तो मूळचा राहत नाही. म्हणून रेट्रोसाउंड या कंपनीचा, जुन्या गाड्यांसाठीचा दोन-शाफ्टचा रेडिओ विचारात घ्यावा.

यात पैसे वसूल होतात ते ब्रॅकेटमध्ये. शाफ्ट सरकवता येतात, त्यामुळे डॅशच्या जुन्याच भोकांत ते नेमके बसतात. शाफ्ट आधी सैल बसवा, तोंड खिडकीच्या मधोमध आणा आणि मगच नट आवळा. घाई केली की तोंड तिरकं बसतं, नॉब चौकटीला घासतात. रेडिओचं वजन नुसत्या शाफ्टवर टांगू नका. मागून डॅशच्या खालच्या कडेपर्यंत आधाराची पट्टी द्या. नाहीतर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी नट ढिले होतात. चौकट आणि नॉब गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळे निवडावे लागतात, ऑर्डर देताना तपासा. बटणं मात्र बारीक आहेत. एवढ्या खिडकीत दुसरं काय होणार!

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. जुन्या रेडिओला चावीवरची एकच वायर पुरायची. नव्याला दोन लागतात: लाल चावीवर, पिवळी थेट बॅटरीवर, तीही फ्यूज लावून. दोन्ही चावीवर जोडल्या तर गाडी बंद केली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात. काळी वायर रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्याला. रंगावर घट्ट केलेला स्क्रू म्हणजे अर्थिंग नव्हे.

सर्वांत महाग चूक स्पीकरची. मूळ गाडीत डॅशमध्ये एकच मोनो स्पीकर असायचा. नव्या रेडिओच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या निगेटिव्ह वायरी एकत्र बांधल्या किंवा पत्र्याला लावल्या, तर आतला ॲम्प्लिफायर जळू शकतो. डॅशमधली एकच जागा वापरायची तर ड्युअल व्हॉइस कॉइलचा (एकातच दोन वेगळ्या कॉइल असलेला) स्पीकर घ्या. डावं एका कॉइलला, उजवं दुसऱ्या कॉइलला. पण खरा स्टिरिओ हवा असेल तर पायाजवळच्या किक पॅनलमध्ये साडेसहा इंची जोडी उत्तम.

इंजिनच्या आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर रेडिओला दोष देऊ नका. इंजिन आणि फायरवॉल (इंजिन व केबिनमधला पत्रा) यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी पाहा, ती बहुतेकदा गंजलेली किंवा गायबच असते. टकटक मात्र इग्निशनची. तिथे स्पार्क प्लगला रेझिस्टर वायर (आत रोध असलेली) लावून पाहा.

सीटमागच्या पत्र्याला स्पीकर लावण्याचा मोह बरेचजणांना होतो. या गाड्यांची पेट्रोलची मूळ टाकी तिथेच, केबिनच्या आत आहे. ती हलवून खाली नेलेली नसेल, तर तिथे ड्रिल अजिबात नको.